दुसरी सही

"साक्षीदार तरणे बघावेत, चंद्रप्रभाबाई. म्हातारे साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याच्याही आधी जातात. आणि आपली सही मात्र कधी घालू नये."

लातूर जिल्हा झाला तसे रेणुकादास वकील नव्या कोर्टात बसू लागले आणि उदगीरचं ऑफिस आपल्या कारकून बाईंवर सोपवून गेले. जाताना एवढंच बजावलं होतं. केरबाच्या मृत्युपत्राच्या दिवशी बाईंनी ते मोडलं. ठरलेला दुसरा साक्षीदार आलाच नाही, अन् म्हाताऱ्याला धाप लागलेली. खालच्या दुकानातल्या व्यंकटी शिंप्यानं पहिली सही केली, दुसरी बाईंनी. विहीर आणि तीन एकर केरबानं विधवा सुनेला, सरजाबाईला दिलं.

"कोर्टात सांगशील ना माय?" केरबानं विचारलं.

"सांगेन," बाई म्हणाल्या.

केरबा गेला. त्या साली दुष्काळ पडला; अख्ख्या शिवारात पाणी होतं ते त्याच विहिरीत. पुतण्या ग्यानोबा म्हणू लागला, कागद खोटा. सोमवारी लातूरला साक्षी होत्या. शुक्रवारी भरदुपारी तोंडाला फडकी बांधलेल्या दोघांनी व्यंकटीला मशीनवरच कुऱ्हाडीनं तोडलं. बाई जिना उतरून आल्या तेव्हा अर्धं शिवलेलं झंपर रक्त पिऊन जड झालं होतं आणि व्यंकटीचा पाय अजून मशीनच्या पायट्यावर हलत होता. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ते मानेला नीट लागून राहिना.

शनिवारी ग्यानोबा ऑफिसात आला. आतून कडी घातली.

"आज काय उपास का, बाई?"

"शनिवार आहे."

"मंग लई बोलायला लावत न्हाई. सही माझी न्हाई, एवढं लिहून द्या."

"माझीच आहे."

"व्यंकटी बी असंच म्हनत हुता."

त्यानं बाईंचा उजवा हात टेबलाच्या खणात दाबला आणि लाथेनं खण मिटला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ मागून. दुसरी लाथ. तिसऱ्या लाथेला फळी चिरली. मग केसांना धरून त्यानं त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं.

"आता जज्जापुढं सही कशी करून दाखवतीस ते बघतो."

साक्षीदाराला कोर्टात सही करून दाखवावी लागते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हात निकामी केला की काम फत्ते, असं समजून तो शीळ घालत गेला. साक्ष तोंडानं द्यायची असते.

सोमवारी सकाळी चंद्रप्रभाबाईंनी डाव्या हातानं देवाला फूल वाहिलं, उजव्या हाताचं प्लास्टर पदराखाली घेतलं आणि लातूरच्या गाडीत जाऊन बसल्या.