अडीच पोती एनिड काकू

एनिड काकू म्हणजे अडीच पोती बटाटे. हे मी म्हणत नाही, क्लेमेंट काकांच्या वहीत लिहिलंय. १९८७ सालापासून.

काकांची गाडी १९३४ सालची, दोन माणसांची, बिनछपराची. तिच्या शॉकअपमध्ये तेल नसतं. लोखंडी पट्ट्यांमध्ये लाकडी चकत्या दाबून धरलेल्या असतात आणि वर एक नट. नट आवळला की गाडी ताठ, सैल केला की मऊ. किती आवळायचा, ते बसणाऱ्याच्या वजनावर: जड माणसाला घट्ट, हलक्याला सैल. म्हणून दर वर्षी जुन्या गाड्यांच्या क्लबच्या पहिल्या सहलीआधी काका डावीकडच्या सीटवर पंचवीस किलोची अडीच पोती रचतात आणि गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडतात. एकदा खाली, एकदा वर, आणि गप्प. त्यापुढे हलली तर पुन्हा नट.

यंदा काकू सहा आठवडे हॉस्पिटलात होती. गुरुवारी घरी आली, पोटावर वीतभर टाके घेऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडीत बसायला हरकत नाही, फक्त धक्के नकोत. काकू म्हणाली, रविवारी सहलीला टेकडीवर जाईन आणि जाईन तर याच गाडीतून. पुढच्या वर्षीच्या सहलीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

शनिवारी सकाळी मी पोती रचली.

"बार्नबी, हळू," काका म्हणाले. "काकूच्या बाजूचं दार आपटायचं नाही. तिला आवडत नाही."

मी पोत्यांची माफी मागितली.

कोपरा दाबला. एकदा खाली, एकदा वर, गप्प. काका खूश. पोती उतरवली, काकूला बसवलं, गाडी फाटकापर्यंत नेली. फाटकाशी, मेंढ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून, खड्ड्यावर लोखंडी दांडे टाकलेत. त्यावरून गाडी अशी गेली, जणू कोणी शिडीच्या पायऱ्यांवरून काठी फिरवतंय. काकूने पोट धरलं.

"काही नाही," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक.

काकांनी ठरवलं, चकत्यांना ओल आली असणार. चकत्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या, पुन्हा पोती रचली, पुन्हा नट. पुन्हा दांडे. पुन्हा "काही नाही". मग त्यांनी दांड्यांना दोष दिला आणि टेप घेऊन त्यांच्यातलं अंतर मोजलं. अंतर बरोबर निघालं. याचाही त्यांना राग आला.

"काका, काकूचं आत्ताचं वजन विचारा ना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर चर्चमध्ये पँट काढली.

"चोपन्न वर्षं संसार केला," ते म्हणाले. "बायकोला असलं काही विचारायचं नसतं."

"मग अडीच पोती कुठून आली?"

"अंदाजाने. हळूहळू जमत गेलं."

मी चहा घेऊन काकूकडे गेलो. ती खिडकीत बसून सगळं बघत होती.

"एकोणचाळीस किलो," मी न विचारताच ती म्हणाली. "त्याला सांगितलंस तर तुझं नाव मृत्युपत्रातून काढीन."

"माझं नाव आहे?"

"नाही. पण आधी घालीन, मग काढीन."

म्हणजे साडेतेवीस किलो जास्त. सांगायची सोय नाही आणि गप्प बसलो तर उद्या टेकडीच्या रस्त्यावर काकूचे टाके. मी गॅरेजात परत गेलो आणि पोत्यातून पातेलंभर बटाटे काढले.

"हे काय?" काका.

"सूप करतो."

पातेलं घरातल्या काट्यावर तोललं आणि पाच मिनिटांनी बादली घेऊन आलो. "चिप्स." मग टोपली. "उद्याच्या डब्याला." मग घमेलं. घमेल्यासाठी मला कारणच सुचलं नाही, नुसताच उभा राहिलो.

काका पान्हा हातात धरून सीटकडे बघत होते. वरचं पोतं रिकामं होऊन काकूच्या स्कार्फसारखं लोंबत होतं. त्याच्या खालचंही निम्म्यावर आलेलं.

"एवढे?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"एवढे लागतात?"

"हो."

ते पान्हा घेऊन वाकले. मग गाडीखाली सरकले. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. नट सैल झाल्याचा आवाज आला, थोडा. मग आणखी थोडा. मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. बूट हलत नव्हते.

बाहेर आले तेव्हा डोळ्यांत गंज गेला होता म्हणे.

तिसऱ्यांदा काकू बसली. दांड्यांवरून गाडी पाण्यावरून जावी तशी गेली. काकूने दोन्ही हात पोटावरून काढले आणि एक माझ्या दिशेने हलवला.

"चकतीच होती," काका परत येऊन ओरडले.

"मी तर आधीपासून सांगतेय," काकू म्हणाली. तिने काही सांगितलं नव्हतं.

तिला घरात नेल्यावर काकांनी वही उघडली. अडीच पोती खोडलं नाही. निम्मं पोतं काट्यावर ठेवून पाहिलं, खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात 'एक पोतं, चौदा किलो' लिहिलं आणि पुढे 'तात्पुरतं'.

"ते बटाटे शिजवू नकोस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "अंधारात ठेव. कोंब फुटले की वजन कमी होतं. परत लागतील."

"हो काका," मी म्हणालो, आणि घमेलं उचललं.