दूर्वा खुडलेली गच्ची

मित्रांनो, मी एक जुनी गच्ची आहे आणि पनवेलच्या पर्यावरणाचा आधारस्तंभ आहे. निदान आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा तसं बोललं गेलं होतं. गच्ची स्तंभ कशी असेल, हे कोणी विचारलं नाही. चहा आला होता.

१९८६ साली माझा स्लॅब घातला. उन्हाळ्यात मी अशी तापायची की माझ्याखाली राहणारे आप्पा, म्हणजे दमयंतीबाईंचे सासरे, डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायचे. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर तवा होऊन राहायचं! मला फार लाज वाटे.

पुढे शेजारच्या भातशेतात इमारतीचा पाया खणू लागले. तिथली माती दमयंतीबाईंनी घमेल्याघमेल्याने वर आणवून पसरली आणि तिच्यात हरळी लावली. पुढच्या उन्हाळ्यात आप्पा भरदुपारी घोरू लागले. पावसाचं पाणी मी जिरवून सावकाश सोडी, त्यामुळे तळमजल्याच्या दारात तळं साचेना. किडे टिपायला चिमण्या येत.

सेक्रेटरी अविनाश मात्र म्हणत, "वहिनी, उद्या गच्ची गळली तर?" अखेर सभेत ठरलं: बागांच्या स्पर्धेत नंबर आला तर माती राहील, नाहीतर काढायची.

परीक्षक यायचे होते हरतालिकेच्या संध्याकाळी. हरळी म्हणजेच दूर्वा, हे त्या दुपारी अख्ख्या इमारतीला एकदम आठवलं. चारुताकाकू पिशवी घेऊन हजर.

"बाजारातल्या कोमेजलेल्या असतात गं. घरच्या त्या घरच्या!"

"काकू, संध्याकाळी परीक्षक येताहेत."

"आणि उद्या बाप्पा येताहेत. मोठं कोण?"

दमयंतीबाई दारातून बाजूला झाल्या. मागोमाग सगळे मजले आले, सेक्रेटरीही आले. निवडत बसायला वेळ कोणाला? मुठीमुठीने ओरबाडलं.

आंघोळीच्या वेळी पाहुणे दारात यावेत, तशी माझी गत झाली. माझ्यावरच उभं राहून परीक्षकांनी विचारलं, "बाग कुठे आहे?"

"मुळं आहेत हो," दमयंतीबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत परत येईल."

"वहिनी," अविनाश हळूच म्हणाले, "मुळांना नंबर देत नाहीत."

विसर्जनानंतर माती काढली.

मित्रांनो, गच्ची हिरवी ठेवा. घर गार राहतं, पाणी जिरतं, पाखरं येतात. देवाला जरूर वाहा, पण चार काड्या छपरावर राहू द्या. तोही वरूनच बघत असतो म्हणतात.

गळू नये म्हणून सध्या माझ्यावर काळं डांबर घातलं आहे. आप्पा दुपारी जिन्यात झोपतात.