धूळ उंबऱ्याबाहेर

शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. नाशिकजवळच्या एका दगडखाणीत चिमाजी सुरुंगासाठी भोकं पाडायचा. सुट्टी झाली की सगळे गडी कंप्रेसरच्या नळीनं एकमेकांच्या अंगावरची धूळ उडवायचे. पांढरा लोट उठायचा, पाठीला गुदगुल्या व्हायच्या आणि हशा पिकायचा. उरलेली धूळ घरी यायची. बायको ठमाबाई ते कपडे दारात फटाफट झटकायची, मग धुवायची.

त्या हिवाळ्यात ठमाबाईला खोकल्यानं धरलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "खाणीत तुम्ही जाता?"

"नाय, आमचे मालक जातात."

"त्यांचे कपडे कोण झटकतं?"

ठमाबाईनं स्वतःकडे बोट केलं.

"ही बारीक धूळ छातीत बसली की निघत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "झटकू नका, हवेनं उडवू नका. कपडे आधी भिजवा. घरात तर आणूच नका."

संध्याकाळी चिमाजी आला तर दाराला आतून कडी.

"अवो, कपडे तिथंच बादलीत बुडवा, मग आत या."

"इथं? रस्त्यावर?"

खिडकीतून गोधडी बाहेर आली. गोधडी गुंडाळलेला चिमाजी बघून सगळी आळी हसली. पण ठमाबाईनं कारण सांगितलं, तशी इतर बायकांनीही दारं लावली. आठवडाभरात ओट्याओट्यावर गोधडीतले गडी दिसू लागले.

सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो खाणीचा मुकादम बहिरू. एके दिवशी त्याचंही दार उघडेना.

"सखू, मी मुकादम हाय!"

"मुकादमाची धूळ काय निराळी असती?" आतून सखुबाई म्हणाली. गोधड्या वाळत होत्या, म्हणून तिनं आपलं हिरवं लुगडंच बाहेर टाकलं.

दुसऱ्याच दिवशी बहिरू खाणमालकाच्या मागे लागला. थोड्याच दिवसांत खाणीवर पत्र्याचा आडोसा आणि पाण्याचा हौद झाला. अंगावर हवा मारणं बंद. कामाचे कपडे तिथंच भिजवायचे, ज्याचे त्यानं धुवायचे आणि घरचे घालून निघायचं. पहिल्यांदा धुताना चिमाजीनं सदऱ्याची दोन्ही बटणं तोडली.

उन्हाळ्यापर्यंत ठमाबाईचा खोकला गेला. चिमाजीला मात्र चढावर दम लागायचा, तो काही गेला नाही. मग भोकं पाडायचं काम सोडून तो खाणीच्या पाण्याच्या टँकरवर लागला. खडीच्या ढिगांवर पाणी मारताना तो मोठ्यानं गायचा, लय बेसूर, आणि कुणी थांबवलं तर त्याच्यावरच पाइप धरायचा.