निर्जळी सोमवार

आमच्या गिरगावातल्या महिला वसतिगृहात दूध टिकवणं हा एक उद्योगच होता. खोलीत आम्ही चौघी, बाटल्या चार, आणि फ्रिज म्हणाल तर तो मी फक्त आमच्या साहेबांच्या घरी पाहिलेला. दूध आणायला एकेकीचा एकेक आठवडा ठरलेला. तिने पहाटे चौघींची कार्डं घेऊन सरकारी दूध केंद्रावर रांगेत उभं राहायचं, दूध आणून स्टोव्हवर तापवायचं, चहा करायचा आणि मग बाकीच्या महाराण्यांना उठवायचं. उरलेलं दूध पातेल्यात, पातेलं पाण्याच्या परातीत, वर ओलं फडकं. एवढं करूनही चैत्रात ते दुपारपर्यंत नासायचंच. म्हणून सकाळीच पावाबरोबर संपवून टाकायचं.

अठ्ठावन्न साली आमच्या खोलीत बकुळा आली. महाडकडची, मास्तरणीच्या ट्रेनिंगला आलेली. डिलाईल रोडला तिचे काका राहायचे, पण त्यांच्या एका खोलीत नऊ माणसं. अभ्यास करणार कुठे? पहिल्याच दिवशी ट्रंक उघडता उघडता तिने सांगून टाकलं, "आम्ही दीड वर्षापूर्वी बौद्ध झालो." सुनंदा म्हणाली, "बरं." राजलक्ष्मीने तिला खिडकीजवळची खाट दिली. मी तर भाषणच ठोकलं, की मी असलं काही मानत नाही. रविवारी आम्ही चौघी हातात हात धरून चौपाटीवरच्या सभेला गेलो आणि 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं ओरडून घसे बसवून परत आलो. परतताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

सोमवारपासून दुधाचा आठवडा बकुळाचा होता.

"मृणाल, ऊठ ना, चहा झाला."

डोळे उघडले तर समोर बकुळा, हातात वाफाळता कप. आणि माझा हात पुढे होईना. मी शिकलेली, टेलिफोन खात्यात नोकरीला असलेली, सभा गाजवणारी! पण आमच्या पेणच्या घरातली लहानपणची सगळी शिकवण एकदम आडवी आली. मला किळस आली नाही. भीती वाटली. कशाची, ते आजही धड सांगता येत नाही.

"आज माझा उपास आहे," मी म्हणाले.

"मग काय झालं? उपासाला चहा-दूध चालतं की. माझी आई सोमवारी नुसत्या दुधावर राहायची. पूर्वी."

अशी मी अक्कलशून्य. आमच्या घरी उपासाच्या दिवशी तर दूध जास्त घ्यावं लागायचं. सुनंदाने ओठ चावला. मी घाईघाईने म्हणाले, "निर्जळी आहे."

साधा सोमवार निर्जळी कोण करतं? पण बकुळाला ते खरं वाटलं. "एवढ्या उकाड्यात? नि दिवसभर फोनवर बोलायचं?" असं म्हणत तिने कप मागे नेला. ऑफिसात पोचल्यावर मी माठातलं चार पेले पाणी प्यायले, कँटीनमध्ये बटाटेवडा हाणला आणि सगळं विसरून गेले.

संध्याकाळी परतले तर बकुळा दारातच. परीक्षेच्या अभ्यासासाठी ती दिवसभर खोलीवर होती. "थांब, आधी उपास सोड," म्हणाली आणि पेलाभर दूध तिने माझ्या हातात दिलं. चैत्रात, संध्याकाळी सहा वाजता, न नासलेलं दूध! दिवसभरात तिने ते तीनदा तापवलं होतं, तासातासाला परातीतलं पाणी बदललं होतं.

"तुझ्या वाटचं नि माझ्या वाटचं, दोन्ही ठेवलंय," ती म्हणाली. "दिवसभर पोटात काही नाही तुझ्या. वेलचीपण घातलीय."

पेला तोंडाला लावायचा, एवढंच करायचं होतं. "तोंड धुऊन येते," म्हणाले आणि पेला घेऊन गॅलरीच्या टोकाच्या मोरीत गेले. दूध ओतून दिलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं. वळले तर मागे बकुळा उभी. मी टॉवेल विसरले होते, तो द्यायला आलेली.

ती मोरीकडे बघत राहिली. जाळीपाशी पाणी अजून पांढरं होतं. ती ओरडली असती तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित माफीही मागितली असती. तिने टॉवेल खुंटीला अडकवला आणि ती खोलीत निघून गेली.

मंगळवारी पहाटे रांगेला तीच गेली. दूध आणून तिने बाटल्या माझ्या खाटेशी ठेवल्या, झाकणंसुद्धा न काढता.

"आणायचं मी बघते," ती म्हणाली. "तापवायचं नि चहाचं तू कर."

सुनंदा आणि राजलक्ष्मी खाली मान घालून वेण्या घालत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

'नाही, तूच कर,' असं मी म्हणू शकले असते. तेवढ्यानेही भागलं असतं. मी उठून स्टोव्ह पेटवला. आणि मला चक्क बरं वाटलं, सुटल्यासारखं. दूध ओतल्याची लाज वाटतेच, पण त्या बरं वाटण्याची लाज जास्त आहे. ती अजून जात नाही.

मी चार कप भरले. बकुळाने तिचा कप माझ्या हातून घेतला, त्यात पाव बुडवून खाल्ला आणि पुस्तक उघडलं. ट्रेनिंग संपेपर्यंत, आणखी वर्षभर, माझ्या आठवड्यात आणि तिच्याही आठवड्यात ती माझ्याच हातचा चहा प्यायली. मला मात्र तिने पुन्हा कधीच काही दिलं नाही.