उष्टं चिकटलेला एक्स-रे

मी एका गवंडीकाकांच्या मनगटाचा जुना एक्स-रे आहे, मित्रांनो. मला कागद नाही, काच नाही. आकड्यांचे बारीक दाणे ओळीने मांडले, की झालो मी! त्यांनाच बाइट म्हणतात. लहानशा दवाखान्यात मी जन्मलो, तेव्हा यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ आलाय!" मग सहा आठवडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

एके सकाळी मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मनगट मोडलं तेव्हाचा जुना एक्स-रे धाडा, आजच्या नव्याशी ताडायचाय. हाड सरकलंय की नाही, त्याशिवाय कसं कळणार? उगाच हात चिरू का?" गवंडीकाका त्यांच्याच दाराबाहेर बसले होते.

मला धाडायला आमच्या दवाखान्यातल्या प्रोग्रामर ताईनं स्वतःच्या हातानं वाट बांधली होती, म्हणजे प्रोग्राम लिहिला होता. वाटेवर चार हजार दाण्यांची बादली. भरायची, ओतायची, भरायची, ओतायची. पण ही बादली ओतली तरी रिकामी होत नाही; नवे दाणे जुन्यांच्या जागी बसतात, तेवढेच जुने जातात. शेवटच्या खेपेला माझे नऊशेच दाणे उरले. बादली किती भरलीय, ते ताईनं पाहिलंच नाही. सगळीच पालथी केली! मागच्या खेपेचं एकतीसशे दाण्यांचं उष्टं माझ्या शेपटाला चिकटलं. शी! खरकटं अंगाला फासून पाहुण्यांकडे जायचं?

पलीकडच्या यंत्रानं दाणे मोजले, ते सांगितल्यापेक्षा जास्त भरले, तसं त्यानं नाक मुरडलं आणि मला परत पाठवलं.

ताईचे साहेब म्हणाले, "अगं, आपल्याकडे उघडतोय ना? हाड दिसतंय ना? त्यांना म्हणावं, मोजणीच बंद करा."

त्या बोलण्याची मला उष्ट्याहून जास्त किळस आली.

"नाही साहेब," ताई म्हणाली. "मग उद्या कसलीही घाण आत जाईल." तिनं मूळचा मी आणि परत आलेली माझी नक्कल शेजारी मांडून दाणा न् दाणा ताडून पाहिला. सगळं जुळत गेलं. थेट शेवटाला तिचं बोट थांबलं.

"अय्या, हे तर मागच्या बादलीतलंच! मीच ओतलंय की."

भरलंय तेवढंच ओत, एवढी एक ओळ तिनं लिहिली. मी पुन्हा निघालो, धुतल्या अंगानं.

मित्रांनो, 'दिसतंय ना, मग झालं' असं म्हणून आमच्यावर घाण लादू नका. आम्ही जेवढे आहोत, तेवढेच आम्हाला राहू द्या.

डॉक्टरीणबाईंनी मला नव्या एक्स-रेशेजारी लावलं. बराच वेळ पाहिलं. मग दार उघडून म्हणाल्या, "काका, हाड जागच्या जागी आहे. चिरायचं नाही."

काकांनी दुसऱ्या, धडक्या हातानं डोळे पुसले.