स्पंजला बंदी

गादीवाल्याच्या बायकोला झोप नाही, ही बातमी गल्लीभर व्हायला दोन दिवस पुरले. लोकांना मजा वाटली. तिला मात्र रडू येत होतं, आणि धड रडताही येत नव्हतं, कारण हुंदका आला की पोटावरचे टाके ओढले जात.

बाई शाळेची बस चालवायची. दोन वर्षं तोंडावर ताबा ठेवून तिने पंचेचाळीस किलो वजन उतरवलं. पण वजन गेलं तरी कातडी थोडीच जाते? ती पोटावर ओल्या टॉवेलासारखी लोंबत राहिली, स्टिअरिंगला घासून सोलवटत राहिली. शेवटी सर्जनबाईंनी ती कापून काढली आणि कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाके घातले. घरी पाठवताना नर्सने दोनदा बजावलं, "तीन आठवडे सपाट झोपायचं नाही. पाठ उंच, गुडघे दुमडलेले. पोट ताणलं तर टाके उसवतील. पाठीखाली घ्यायला स्पंजचा तयार उतार मिळतो, तो आणा."

नेमकं तिथेच घोडं अडलं. नवऱ्याचा सगळा जन्म कापसाच्या गाद्या भरण्यात गेलेला. समोर स्पंजचं दुकान उघडल्यापासून त्याने त्या फुटपाथवरून चालणंही सोडलं होतं.

"माझ्या घरात स्पंज? लोक काय म्हणतील? मी करतो तुझा उतार. ताजा पिंजलेला कापूस घालून."

केलाही. खोटं कशाला बोला, देखणा केला. पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड, दाभणाने ओढून घातलेले एकसारखे टाके. पहिला तासभर ती त्यावर राणीसारखी बसली. मग कापूस दबू लागला. गादी अंगाप्रमाणे बसते, हे तो गिऱ्हाइकांना मोठ्या तोंडाने सांगत आला होता; तीच गादी आता त्याच्या बायकोला इंचाइंचाने खाली सोडत होती.

"अहो, घसरले!"

तो धावत यायचा, तिला काखेत धरून वर ओढायचा, उतार काढून काठीने बडवून फुगवायचा, परत लावायचा. दोन तासांनी पुन्हा तेच. डोळा लागतोय म्हणेपर्यंत धप्प धप्प सुरू. असे पाच दिवस गेले.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटी नणंद भेटायला आली. "वहिनी, पोट दवाखान्यात ठेवून आलीस ते ठीक, झोपही तिथेच ठेवून आलीस की काय?"

"हसवू नकोस गं, दुखतं. आणि तुझ्या दादाला सांग काहीतरी."

"दादाला? त्यापेक्षा भिंतीला सांगते."

दोघी बोलता बोलता बाईचा डोळा लागला. नणंद हळूच चहा टाकायला गेली. पंधरा मिनिटांनी बाई ओरडली, ती शेजारी ऐकू जाईल अशी. झोपेत ती पार खाली सरकून सपाट झाली होती. पोटाला बांधलेल्या पट्ट्यावर डाव्या टोकाला नाण्याएवढा रक्ताचा डाग होता.

नणंदेने फोन लावला. नर्स म्हणाली, "कडेचा टाका ओढला गेलेला दिसतोय. फोटो पाठवा, उद्या सकाळी या. पण पुन्हा घसरू नका, जखम उघडली तर परत टेबलावर घ्यावं लागेल. स्पंज आणलाय ना?"

बाईने फोन घेऊन धावत आलेल्या नवऱ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा."

त्याने डागाकडे पाहिलं, घसा खाकरला. "आणतोय," म्हणाला.

फोन ठेवला आणि काठी उचलली. "हे बघ, दोन किलो कापूस आणखी दाबून भरला ना, की..."

"अहो, मी बायको आहे तुमची, गादी नाही! पाच दिवस बडवताय!" ती पहिल्यांदाच त्याच्यावर ओरडली, मग पोट धरून बसली. दम परत आल्यावर नणंदेला म्हणाली, "जा गं. समोरून घेऊन ये."

स्पंज आला तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. नणंदेने उतार लावला, गुडघ्यांखाली उशी सरकवली, आणि ती घरी गेली. बाई टेकली. अर्धा तास झाला तरी होती तिथेच होती.

शेवटी त्याला राहवलं नाही. जवळ येऊन त्याने कडेला अंगठा रुतवला. खड्डा पडला आणि लगेच भरून आला.

"घाम येईल यावर."

"येऊ दे."

"वासही येतोय."

"येऊ दे."

"वर्षभरात बसेल हा."

"मला तीनच आठवडे हवाय."

तो गेला. दहा मिनिटांनी दारातून आवाज आला, "दबला का?"

"नाही."

आणखी दहा मिनिटांनी पुन्हा, "आता?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तो दबायची वाट बघताय ना?"

तो बराच वेळ चौकटीवर नख घासत राहिला. "थोडी," म्हणाला.

तिला संताप आला आणि हसूही आलं. पोटाला दोन्ही परवडणारं नव्हतं. "दार लोटून घ्या आणि बाहेर बसा," ती म्हणाली.

दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने ते पुन्हा करकरलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि घोरण्याचं सोंग केलं. तो क्षणभर थांबला, मग चपला हातात घेऊन लांब गेला.

झोप अजून आली नव्हती. पण आता तिची वाट बघायला घर शांत होतं.