उजवीकडची सीट

ऐक ना, नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. तर प्रेमराजआबांनी टॅब हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि पडद्यावरच्या विमानाच्या उजव्या सीटवर बोट ठेवलं. असं ठेवलं की तेजसला वाटलं, झालं, ठरलं एकदाचं. पण बोट तिथंच. हलेना.

तेजस म्हणजे विमान विकणाऱ्या कंपनीचा माणूस. पुण्याहून आलेला आणि सकाळपासून जळगावात आबांच्या डाळमिलच्या ऑफिसात ठाण मांडून बसलेला. दोन सीटचं, छोटं, नवंकोरं विमान बनायला टाकायचं होतं. समोरची स्क्रीन ठरली, रेडिओ ठरला, ऑटोपायलट ठरला, अख्खं विमान अलगद खाली उतरवणारं पॅराशूटसुद्धा ठरलं. अडलं एकाच गोष्टीवर.

"उजवीकडूनही उडवता यावं असं हवं असेल," तेजस म्हणाला, "तर तिकडं वेगळी स्टिक, पेडल, स्क्रीन आली. वजन वाढतं. मग जादा पेट्रोलची टाकी बसत नाही. दोन्हींतलं एकच, सर. आणि आज संध्याकाळपर्यंत कारखान्याला कळवावं लागेल."

"टाकी घेतली तर कुठवर जाता येईल?"

"उदयपूरवर चक्कर मारून, न उतरता परत. पण उजवीकडं जो बसेल त्यानं नुसतं बसायचं."

तेवढ्यात तानुबाई चहा घेऊन आल्या. त्या मिलमध्ये जुन्या, आबांना काहीही बोलतात.

"आबा, त्या इमानमा तुमले चहा कोन दी?"

तेजस खो खो हसला. आबा नाही हसले.

कसं होतं बघ, विमानाचा बेत दोघांचा होता. आबांची बायको, सूरजबाई, गेल्या, घरात आबा आणि त्यांची पोरगी विधी एवढीच उरली, तेव्हा पोरीनंच त्यांना धरून धुळ्याला नेलं, विमान शिकायला. लायसन्स तिला आधी मिळालं! आणि मग उजवीकडं बसून बापाला काय झापायची! "पप्पा, विमान आहे हे, ट्रॅक्टर नाही!" आबा खाली उतरून सगळ्यांना हेच सांगत सुटायचे, वर हसायचे.

मग एका चातुर्मासात विधी जैन साध्वींच्या, म्हणजे महाराजसाहेबांच्या, व्याख्यानाला जायला लागली ती लागलीच. दीक्षा घेते म्हणाली. आणि घरच्यांनी आज्ञा दिल्याशिवाय दीक्षा होत नाही. आबांनी दिली. भर मांडवात, माईकवर. आता ती साध्वी विरतीजी. पायी चालायचं, आयुष्यात चाकावर बसायचं नाही. विमानाचं तर नावच सोड.

तुला वाटेल, मग टाकी घ्यायची ना सरळ! पण टाकी कशाला हवी होती ते ऐक. धुळ्याचं विमान घेऊन आबा एकटेच वर जायचे आणि हायवेवर पांढरे ठिपके शोधायचे. साध्वी विहाराला निघाल्या की रांगेनं चालतात ना, ते ठिपके. सापडले की एक चक्कर, आणखी एक, की परत. आणि पुढच्या वर्षी साध्वी मेवाडकडं, उदयपूरच्या बाजूला, निघणार होत्या.

आबांनी चहा तसाच ठेवला. "बस इथंच, आलोच," म्हणाले, आणि गाडी काढून थेट पारोळ्याला.

पारोळ्याच्या जैन स्थानकात, साध्वी मुक्कामाला उतरतात तिथं, विरतीजी आपल्या गुरुणीजींशेजारी बसून लाकडी पात्रं पुसत होत्या. आबांनी लांबूनच तीनदा वाकून वंदन केलं. पोटच्या पोरीला.

"मत्थएण वंदामि. सुखसाता आहे ना, महाराजसाहेब?"

"दया पाळा, श्रावकजी."

तोंडावर मुहपत्ती, दिसतात ते फक्त डोळे. आबांनी गाडीत पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. टाकी, वजन, उजवीकडची स्टिक.

"विमानाचं आम्हाला विचारू नका," विरतीजी म्हणाल्या. "ते घ्या, हे घ्या, असं आम्ही कुणालाच सांगत नाही."

"नाही, तसं नाही, मी आपलं..."

विरतीजी पात्र पुसत राहिल्या. पुसून झालेलंच, परत.

"दर्शनाला आलात. काही नियम घेणार?"

आता हे नेहमीचंच. दर्शनाला गेलं की महाराजसाहेब काहीतरी सोडायला सांगतात. कुणी बटाटा सोडतं, कुणी रात्रीचं जेवण. आबांचं तर हे सगळं कधीच सोडून झालेलं. आणखी काय असणार, म्हणून ऐकायच्या आधीच त्यांनी हात जोडले. भाव न विचारता हा माणूस जन्मात कधी हो म्हणाला नसेल!

"आपण द्याल तो."

"एकट्यानं उडायचं नाही."

आबांचे जोडलेले हात खाली आले.

"विहारात वर विमान घिरट्या घालतं," विरतीजी म्हणाल्या. "वरचा माणूस सारखा खाली बघत राहिला, तर समोर कोण बघणार?"

म्हणजे तिनं पाहिलं होतं, यार! दर वेळी पाहिलं होतं.

"माझ्याबरोबर बसायला आहे कोण, विधी?"

गेलंच तोंडातून. गुरुणीजींनी मान वर केली. विरतीजींनी नजर खाली घातली, पण रागावल्या नाहीत. नुसत्या थांबल्या. नियम कसा, घेणारा हो म्हणेपर्यंत लागत नाही. आबा उठून जाऊ शकत होते. संध्याकाळी टाकी कळवून मोकळे.

"किती दिवसांसाठी?" आबांनी विचारलं. शेवटी व्यापारीच.

"आपल्या शक्तीप्रमाणे."

आबांनी परत हात जोडले.

"मग जन्मभर," म्हणाले.

विरतीजींनी नियम देतानाचा पाठ म्हणायला घेतला. रोजचा, तोंडपाठ. तरी मध्ये एका शब्दावर अडल्या. गुरुणीजींनी तो हळूच पुरवला, आणि पुढं झालं.

बाहेर येऊन आबांनी गाडीला टेकून तेजसला फोन लावला.

"टाकी नको. उजवीकडचं सगळं बसव."

"फारच छान, सर! पेडल उंचीप्रमाणे लावून देतात. कोण बसणार आहे तिकडं? उंची सांगा, लगेच कळवतो."

"थांब, सांगतो."

फोन ठेवला आणि त्यातली नावं बघायला लागले. तूर लातूर. हरभरा अकोला. उडीद खामगाव. बारदान भुसावळ. माणसं सगळी मालाच्या नावानं टाकलेली. अंगठ्यानं वर नेली, खाली आणली, परत वर नेली. मध्ये तेजसचा फोन येऊन गेला, तो वाजू दिला. ऊन गाडीच्या टपावरून उतरून त्यांच्या तोंडावर आलं, तरी तिथंच.

तू त्यांच्या जागी पहिला फोन कुणाला लावला असतास?